व्यायाम न करणाऱ्यांच्या शोधात

मुलं तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे लेफ्टराइट. तिला हे माहीत होतं आणि तिची हरकत नव्हती; याहून वाईट नावांनी ओळखली जाणारी माणसं विद्यापीठात बऱ्याच वरच्या पदांवर होती. ती शारीरिक शिक्षण विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे एक मैदान, त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराची लांबट खोली, खोलीत चटयांचा ढीग, हवा गेलेले चेंडू आणि एक टेबल, ज्याचा एक पाय मापात नसल्यामुळे त्यावर लिहिताना अक्षर आपोआप तिरकं यायचं. तरुणपणी ती अडथळ्यांच्या शर्यतीत धावत असे. नोकरीत हा अनुभव कामी येईल असं तिला वाटलं होतं. पण इथले अडथळे उडी मारून ओलांडायचे नसतात, त्यांना अर्ज करायचा असतो.

सध्याचा अडथळा डॉक्टरेटचा होता. विभागप्रमुखाकडे ती पदवी हवीच, असा नियम मध्येच कधीतरी आला आणि जे आधीपासून प्रमुख होते त्यांना मुदत मिळाली. मग मुदतवाढ, मग तिचीही वाढ. आता विद्यापीठाचा धीर संपला होता. हे वर्ष संपेपर्यंत पदवी पदरात पडली नाही, तर तिची बदली परीक्षा विभागात होणार आणि मैदान तिच्या हाताखालच्या तरुण सहकाऱ्याकडे जाणार. हा सहकारी आधीच डॉक्टर होता. त्याचा प्रबंध बैठ्या खेळांमधल्या बसण्याच्या पद्धतींवर होता. मुलगा स्वभावाने गरीब, वागायला आदबशीर, आणि सकाळी उठण्याच्या बाबतीत काहीसा हळवा. त्याचा तिला राग येत नसे. राग यायचा तो मैदानावर कुणी दुसरं उभं असेल या चित्राचा. लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, सगळ्यांतून ती पहाटे त्या मैदानावर येत राहिली होती, आणि आता तिथून तिला उठवून खिडकीमागे गुणपत्रिकांच्या गठ्ठ्यात बसवणार होते.

विषय मार्गदर्शकांनी दिलेला: विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या व्यायामाच्या सवयी आणि त्यांची शैक्षणिक कामगिरी, एक चिकित्सक अभ्यास. 'चिकित्सक' हा शब्दही त्यांचाच. तो नसला की प्रबंध उघडा पडल्यासारखा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. मार्गदर्शक शिक्षणशास्त्राचे जुने प्राध्यापक, पोटाने पुढे आणि बोलण्यात सावकाश. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर होती आणि ते खाली लिफ्टची वाट बघत उभे असत तेवढ्यात माणूस दोनदा वर जाऊन आला असता. विषय निवडताना त्यांनी तिला धीर दिला होता. व्यायाम करणारी मुलं अभ्यासात पुढे असतात हे सगळ्या जगाला माहीत आहे, तेव्हा निष्कर्षाची काळजी नको; आपल्याला फक्त तिथवर पोहोचायचं आहे. तिला हे पटलं होतं. ती स्वतःच तर वर्षानुवर्षं प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी हेच सांगत होती.

पोहोचायला तिने प्रश्नावली काढली, प्रती करून घेतल्या, आणि एका पहाटे धावणं संपल्यावर मैदानावरच वाटून टाकल्या. मुलं घामेजली होती, पेन कमी पडले, तरी गवतावर बसून सगळ्यांनी इमानदारीत भरून दिल्या. पुढच्या पंधरवड्यात आणखी तुकड्या झाल्या. गठ्ठा बांधून ती मार्गदर्शकांकडे गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी, समाधान होतं.

त्यांनी वरची काही पानं पाहिली, मधली पाहिली, शेवटची पाहिली. मग चष्मा काढला.

"मॅडम, यात सगळेच व्यायाम करतात."

"हो ना, सर."

"न करणारे कुठे आहेत?"

"ते मैदानावर येतच नाहीत ना, सर."

यावर मार्गदर्शकांनी चष्मा पुन्हा घातला आणि गठ्ठा बाजूला सरकवला. तिच्या लेखी विद्यार्थी म्हणजे मैदानावर येणारा. बाकीचे हजारो लोक विद्यापीठात कशासाठी येत असतील याचा तिने कधी विचारच केला नव्हता. दोन गट असतील तरच तुलना होते, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिलाही ते कळत होतं. शर्यतीत एकटाच पळाला तर तो पहिलाही येतो आणि शेवटचाही, एवढं तिला कळणार नाही असं नव्हतं. आता व्यायाम न करणारी मुलं शोधून आणायची होती, आणि तीही लवकर.

त्यात काय अवघड, असं वाटून ती उपाहारगृहात गेली. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. ती आत शिरली आणि टेबलांवर रेललेल्या पाठी एकेक करून सरळ झाल्या. कुणीतरी खुर्चीवरचे पाय खाली घेतले. एका कोपऱ्यात एक गुबगुबीत मुलगा ताटात डोकं घालून खात होता. हा आपल्या कामाचा, असं तिने हेरलं आणि त्याच्या समोर बसली. व्यायाम करतोस का, असं विचारल्यावर तो गिळून म्हणाला, रोज, मॅडम. कधी? सकाळी. कुठे? खोलीत. नक्की काय करतोस, असं विचारल्यावर मात्र त्याला जरा विचार करावा लागला.

"वॉर्मअप," तो म्हणाला.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर तास असतो ना, मॅडम."

सगळीकडे हेच. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसलेली मुलं रोज करत होती. झाडाखाली मोबाइलमध्ये मान घालून बसलेली मुलगी रोज करत होती, योगही आणि प्राणायामही. पायाला प्लास्टर असलेला एक जण म्हणाला, सध्या हातांचाच करतो. सत्राच्या शेवटी शारीरिक क्षमतेचे म्हणून थोडे गुण असत आणि ते तिच्या हातात असत. ते जाऊ नयेत म्हणून साऱ्या विद्यापीठाने कंबर कसली होती. तिने कितीही सांगितलं की या माहितीचा गुणांशी संबंध नाही, तरी मुलं अदबीने हसायची आणि 'रोज' या शब्दावर खूण करायची. आठवडाभर हिंडून तिला व्यायाम न करणारा एकही माणूस सापडला नाही. तिने हात टेकले.

त्याच आठवड्यात तिने पाठ दाखवायला दवाखाना गाठला. प्रबंधाच्या नादात कित्येक महिने ती पहाटे मुलांना पळवून स्वतः कडेला खुर्ची टाकून संदर्भ चाळत बसे, संध्याकाळी घरी तेच. त्या खुर्चीने तिची पाठ धरली होती. तपासून झाल्यावर दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, व्यायाम करता का?

"रोज," ती म्हणाली.

घरी ही हकीकत तिने नवऱ्याला अर्धीच सांगितली. त्याचं औषधांचं दुकान. त्याला या कशाचंच नवल वाटलं नाही. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पथ्य पाळतं, असं त्याने सांगितलं. मी मान हलवतो आणि गोळ्या देतो. शिट्टी गळ्यात घालून विचारशील तर खरं कोण सांगणार तुला, म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. सासूबाई टीव्हीसमोरून म्हणाल्या की चालणं चांगलं असतं हे शोधायला सून इतकी वर्षं घालवतेय, एकदा मला विचारलं असतं तर संध्याकाळी फिरता फिरता सांगून टाकलं असतं. भाजी चिरत होती ती सुरी तिने जरा जोरात ठेवली.

ग्रंथपालबाई तिची मैत्रीण. प्रश्नावल्यांचा नवा गठ्ठा या मैत्रिणीनेच वाचनकक्षात वाटला. वाचनकक्ष ग्रंथालयाच्या अगदी वरच्या मजल्यावर, तिथली लिफ्ट फक्त कर्मचाऱ्यांसाठी. दोन दिवसांत कागद भरून आले आणि त्यांत इतका मोकळेपणा होता की लेफ्टराइट थक्क झाली. व्यायाम: नाही. कारण: वेळ नाही. कारण: इच्छा नाही. एकाने नुसतं 'कशाला?' एवढंच लिहिलं होतं. मात्र खाली रोजच्या अभ्यासाचे तास विचारले होते तिथे काहींनी एवढे तास लिहिले होते की झोपायला आणि आंघोळीला दिवस पुरू नये. उलट मैदानावरच्या मुलांनी त्याच रकान्यात बेधडक लिहिलं होतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी. ज्याचं खातं त्याच्याशीच खोटं बोलायचं, बाकीच्यांशी नाही, असा मुलांचा सरळ हिशेब होता.

खरे गुण तिने परीक्षा विभागातूनच मागवले, तिथे कुणाच्या म्हणण्याला किंमत नव्हती. ते आले, सहकाऱ्याने संगणकावर जुळवून दिले, आणि आदबशीरपणे पडदा तिच्याकडे फिरवून तो चहा आणायला गेला. तो इतका वेळ चहा आणत राहिला की तिला ओळखायला हवं होतं. निष्कर्ष उलटा आला होता. वाचनकक्षातली, जन्मात पळाली नसतील अशी मुलं वर होती. तिची मुलं, पहाटे अंधारात येणारी, खाली. त्यांत सगळ्यांत खाली टाचणी.

टाचणी म्हणजे तिची सगळ्यांत वेगवान धावपटू. हडकुळी, उंच, तोंडाने तिखट. ती संख्याशास्त्रात नापास होती, आणि तेही दुसऱ्यांदा. लेफ्टराइटने तिला मैदानाच्या कडेला बोलावून फैलावर घेतलं. टाचणीने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की संख्याशास्त्राचा तास पहिलाच असतो. इकडचं संपवून, आंघोळ करून, ओल्या केसांनी वर्गात बसते. पंखा सुरू झाला की पुढचं काही आठवत नाही. सराव संध्याकाळी नाही का ठेवता येणार, असंही तिने विचारलं. लेफ्टराइटच्या मते पहाटे करतात तो व्यायाम आणि संध्याकाळी करतात ते फिरणं. तिने टाचणीला रात्री लवकर झोपायला सांगितलं.

"वसतिगृहात?" टाचणी म्हणाली, आणि लेफ्टराइटने शिट्टी वाजवून विषय बंद केला.

मार्गदर्शकांनी निष्कर्ष पाहिला आणि कोणीतरी त्यांच्या टेबलावर ओलं काही ठेवून गेल्यासारखा चेहरा केला. हे असं नेता येणार नाही, म्हणाले. बाहेरचे परीक्षक जुन्या वळणाचे आहेत. सगळं जग एक म्हणतंय आणि तुमचं मैदान दुसरंच, हे त्यांना आवडणार नाही. तिने म्हटलं, पण सर, आकडे. ते म्हणाले, आकड्यांचं काही नाही, ते बिचारे जिथे ठेवाल तिथे बसतात. प्रश्न व्याख्येचा आहे. वाचनकक्ष कितव्या मजल्यावर आहे? सगळ्यांत वरच्या. लिफ्ट? विद्यार्थ्यांना नाही. मग ही मुलं दिवसातून कितीदा जिना चढतात-उतरतात, पुस्तकांच्या ओझ्यासकट! जिना हा व्यायाम नाही का? तिने कबूल केलं की आहे. मग झालं, म्हणाले. आणि मैदानावरची मुलं ही व्यायाम करणारी नव्हेत, ती स्पर्धक; स्पर्धेचा ताण ही निराळीच गोष्ट. त्यांचा वेगळा गट करा आणि शेवटी अभ्यासाच्या मर्यादा असतात त्यात टाका.

या सूचनेवर ती कितीतरी दिवस धुमसत राहिली. ओट्याशी धुमसली, बसमध्ये धुमसली, मैदानावर मुलांना उगाच जास्त फेऱ्या मारायला लावल्या. आकड्यांनी तिचं ऐकलं नव्हतं, मुलांनी ऐकलं नव्हतं, आणि आता जे ऐकायला तयार होतं ते खोटं होतं. ग्रंथपालबाईने सांगितलं, लिहून टाक, असले प्रबंध माझ्याकडे कपाटंच्या कपाटं आहेत, कुणी हात लावत नाही. नवऱ्याने विचारलं की मैदान हवंय की नकोय. हवं होतं. मग तिने लिहिलं. जिन्यावर एक आख्खं प्रकरण झालं, पायऱ्यांच्या उंचीसकट.

मौखिक परीक्षा खुली असते. सूचनाफलकावर कागद लागतो, कुणीही येऊन बसावं, कुणीही विचारावं. प्रत्यक्षात नातेवाईक येतात, चहा-बिस्किटांवर लक्ष ठेवणारे दोन-चार शिपाई येतात, आणि विचारत कुणीच नाही. रिकाम्या खुर्च्या वाईट दिसतात म्हणून लेफ्टराइटने आदल्या दिवशी मैदानावर हुकूम सोडला होता की सगळ्यांनी यायचं. सगळे आले. ट्रॅकसूट घालून, मागच्या ओळीत, टाचणी मधोमध.

सगळं सुरळीत चाललं होतं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, मृदू बोलणारे, कान पुढे करून ऐकणारे. जिन्याचं प्रकरण त्यांना नवं वाटलं. त्यांनी एक-दोन ठिकाणी संदर्भ सुचवले, तिने ते लिहून घेतले. मार्गदर्शकांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. शेवटी परीक्षकांनी नेहमीचं वाक्य उच्चारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का. हे वाक्य झाल्यावर लोक खुर्च्या मागे सरकवतात, त्यासाठीच ते असतं.

टाचणी उभी राहिली.

तिने विचारलं की आम्ही मैदानावरची मुलं यात कुठल्या गटात आहोत. मार्गदर्शकांनी वळून न पाहताच सांगितलं, मर्यादांमध्ये. पुढच्या ओळीत कुणीतरी हसलं. टाचणी हसली नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. फेरपरीक्षा तोंडावर आली होती आणि सध्या ती व्याख्या पाठ करण्यात बुडाली होती.

"म्हणजे जिना चढतात ते व्यायाम करतात. मग मॅडम, आम्ही रोज पहाटे येतो ते काय करतो?"

उत्तर तयार होतं. स्पर्धक गट, ताण, पान अमुक. मार्गदर्शकांनी ते ओठांनी दाखवूनही पाहिलं. लेफ्टराइटने मागच्या ओळीकडे पाहिलं. कुणी पेंगत होतं, कुणाच्या गुडघ्याला पट्टी होती, सगळी तिनेच हुकूम सोडून आणलेली, आणि सगळी तिच्याकडे बघत होती, सकाळी शिट्टीची वाट बघतात तशी.

"तुम्ही व्यायाम करता," ती म्हणाली. "ती मुलं वर जातात."

परीक्षकांनी कान आणखी पुढे केला आणि विनयाने विचारलं की मग निष्कर्षाचं काय. तिने सांगितलं की निष्कर्ष उलटा आहे. व्यायाम करणारी मुलं मागे पडली आहेत, निदान आमच्याकडे. का, ते मी शोधलेलं नाही. परीक्षकांनी चष्मा पुसला. आज दुपारपासून मी ऐकलेलं हे सगळ्यांत रस वाटावा असं वाक्य आहे, म्हणाले, आणि म्हणूनच प्रबंध या वाक्यापासून पुन्हा लिहून सादर करावा. हे ते इतक्या प्रेमाने म्हणाले की तिच्या नवऱ्याला पदवी मिळाली असंच वाटलं आणि त्याने टाळी वाजवली.

पुन्हा लिहायला मुदत लागते, आणि मुदत नव्हती. बाहेर मार्गदर्शक तिला टाळून निघून गेले. टाचणी भिंतीला टेकून उभी होती. तोपर्यंत कुणीतरी तिला काय झालं ते समजावलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता. मॅडम, माझ्यामुळे, असं काहीतरी ती म्हणू लागली.

"प्रश्न विचारायची एवढी हौस आहे तर संख्याशास्त्राच्या तासाला विचारत जा," लेफ्टराइट कडाडली. "पास तरी होशील."

बदलीचा आदेश ठरल्याप्रमाणे आला. परीक्षा विभागात तिला खिडकीजवळची जागा मिळाली. खिडकी बाहेर नव्हे, आतल्या व्हरांड्यात उघडणारी; पलीकडे गुणपत्रिकेतल्या चुका घेऊन उभी असलेली मुलं. तिच्याकडे तपासायला येणारे गठ्ठे जाड दोऱ्याने बांधलेले असत आणि गाठी अशा की सोडवताना नखं तुटत. आपल्याआधी त्या जागी कोण होतं हे ती कुणाला विचारत नसे. दुपारी ती तिथून उठून मैदानाकडे जाऊ शकली असती, अंतर काही फार नव्हतं. गेली नाही.

तरुण डॉक्टरांनी मैदान ताब्यात घेतल्यावर पहिली गोष्ट केली ती सराव संध्याकाळी नेला. कारण शास्त्रीय वगैरे नव्हतं, त्यांना पहाटे जाग येत नसे. सत्र संपलं, निकाल तिच्या हातूनच गेले. ती यादी उतरवताना तिचं बोट एका ओळीवर थांबलं. टाचणी पास होती. मैदानावरची बाकीची मुलंही वर सरकली होती, काही तर वाचनकक्षाच्या पुढे. तिने तो कागद दोनदा पडताळला, चूक असेल या आशेने, आणि चूक नव्हती. दोन टेबलं पलीकडच्या कारकुनाने विचारलं की मॅडम, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, आकडे बरोबर आहेत.

काही दिवसांनी तरुण डॉक्टर खिडकीशी आले. व्यायाम आणि शैक्षणिक कामगिरी यावर त्यांना एक शोधनिबंध लिहायचा होता, त्यासाठी गुण हवे होते, अर्ज सोबत होता. निकाल फार छान आलाय, मॅडम, ते म्हणाले, अगदी तुम्ही म्हणायचात तसाच. त्यांना ते मनापासून वाटत होतं, हे जास्त वाईट होतं. तिने अर्ज वाचला, शिक्का शोधला, शाई वाळली होती म्हणून दुसरा मागवला. तेवढ्यात त्यांनी संकोचत विचारलं, निबंधाच्या शेवटी आभार असतात, त्यात तुमचा उल्लेख करू का?

"कर," ती म्हणाली आणि कागद खिडकीतून सरकवला. "पण नुसतं 'परीक्षा विभाग' असं लिही. माहिती तिथून आली म्हटलं की लोकांना खरी वाटते."